"वय झालं होतं" हे मरणाचं कारण नाही

आपल्या वस्तीत म्हातारं माणूस गेलं की कारण कुणी विचारत नाही. "वय झालं होतं" म्हणायचं आणि तयारीला लागायचं. आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे.

परवापर्यंत विहारात वंदनेला येणारी, नातवंडांची नावं बरोबर घेणारी पंचाहत्तरीची माय अचानक जेवत नाही. दिवसभर झोपते, रात्री बडबडते, मेलेल्या माणसांना हाका मारते, उठताना पडते, अंथरुणात लघवी होते. ताप नाही, खोकला नाही. घरचे म्हणतात, बुढी भ्रमली. शेजारी म्हणतात, बाहेरचं लागलं. दवाखान्यात ऐकवतात, या वयात असं होतंच. तिघांचंही चुकू शकतं. हा न्यूमोनिया असू शकतो, लघवीच्या मार्गातला संसर्ग असू शकतो, रक्तात पसरलेलं विषही असू शकतं. स्मृतिभ्रंश महिन्यां-वर्षांत येतो. दोन दिवसांत बदललेलं माणूस म्हणजे आजारी माणूस, असंच आधी धरायला हवं.

ताप जंतू आणत नाहीत, जंतूंशी लढताना शरीर तो निर्माण करतं. थकलेल्या शरीराला ते जमतंच असं नाही. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांना ताप कमी येतो किंवा येतच नाही. शिवाय अनेकांचं रोजचं तापमान मुळातच कमी असतं. म्हणून त्यांच्यासाठी १०० फॅरनहाइटच्या वरचं तापमान हा ताप धरतात, आणि नेहमीपेक्षा २ अंशांनी वाढलं तरी धरतात. त्यात आपल्या भंडाऱ्याची एक वेगळीच गोष्ट आहे. ज्या बायांनी आयुष्यभर वाकून धानाची रोवणी केली, त्यांच्या कंबर-गुडघ्यांना रोज गोळी लागते. दुखणं थांबवणाऱ्या अनेक गोळ्या तापही झाकतात. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो.

कोरोनात हे जगाने पाहिलं. अमेरिकेत २०२० मध्ये तातडीच्या विभागात आलेल्या ८१७ वृद्ध कोरोना रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातले २८ टक्के भ्रमाच्या अवस्थेत आले होते, आणि त्या भ्रमिष्टांपैकी ३७ टक्क्यांना ताप, धाप अशी नेहमीची लक्षणंच नव्हती. आपल्याकडे अशी माणसं मोजली तरी गेली असतील का?

"बाहेरचं लागलं" याला आपण काय उत्तर देतो? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भाषणात सांगणं सोपं आहे. घरातली माय बडबडायला लागल्यावर रात्रीच गाडी काढणं अवघड. बुद्धांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतः धुतलं, हे आपण मुलांना सांगतो. कारणाशिवाय काही घडत नाही ही शिकवण आहे, तर भ्रमालाही कारण आहे. ते शोधा. मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास, ऑक्सिजन ९० च्या खाली, लघवी कमी झालेली, हातपाय गार पडलेले, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर अंगावर, काखेत, जांघेत काळी खपली आहे का तेही पाहा. विदर्भात स्क्रब टायफस आहे, आणि त्याच्यावर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषधही आहे. डॉक्टरांना मात्र "अशक्तपणा आहे" सांगू नका. "परवापर्यंत चालत होती, कालपासून ओळखत नाही" असं सांगा. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

उलट टोकही नको. प्रत्येक भ्रम संसर्गाचा नसतो. साखर उतरणं, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, नवी गोळी, यांनीही तो होतो. वृद्धांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात. तेवढ्यावर अँटिबायोटिक देऊन खरं कारण दडपणं हाही अन्यायच.

आणि हे सगळं घरच्यांवर ढकलून शासनाला मोकळं सोडायला आम्ही तयार नाही. तरणी पोरं नागपूर-पुण्याला कामाला, गावात म्हातारी एकटी. ती कालपासून बदलली हे पाहणार कोण? संविधानाचं कलम ४१ म्हातारपण आणि आजारपणात शासकीय साहाय्याची गोष्ट करतं. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वृद्ध कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एक वृद्ध क्लिनिक आहे. कागदावर.

आज ऐंशीच्या घरात असलेली माणसं १९५६ ला दीक्षाभूमीवर आईबापांचं बोट धरून गेलेली लेकरं आहेत. त्यांच्या आधीच्यांनी १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक पाहिली, बाबासाहेब इथे उभे असताना. १४ एप्रिलच्या शिबिरात बीपी-शुगर तपासून आपण त्यांना घरी पाठवतो. या वेळी प्रत्येकाचं नेहमीचं तापमान, चालणं, बोलणं एका वहीत लिहून विहारात ठेवू. आणि साकोली, लाखांदूर, पवनी, मोहाडी, प्रत्येक तालुक्यातून माहितीच्या अधिकारात एकच अर्ज टाकू: आमच्या केंद्रातलं वृद्ध क्लिनिक कोणत्या वारी असतं, आणि मागच्या वर्षभरात ते किती वेळा भरलं?