जीप किती उंच करायची?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन पुतण्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर आमच्याच जीपसारखी एक जीप. चाकं कमरेइतकी उंच, खालून अख्खा माणूस सरकत जाईल एवढी उचललेली. "चाचू, आपली अशी करायची. चार इंच लिफ्ट, तेहतीसचे टायर. भाईजानला तुम्ही सांगा, माझं ते ऐकत नाहीत."

भाईजान म्हणजे त्याचेच वडील, माझे थोरले भाऊ. घरात आम्ही सगळे त्यांना भाईजानच म्हणतो, त्यांची मुलंसुद्धा. चाकण रस्त्याला त्यांचं छोटं गॅरेज आहे. ते खुर्चीवरून न उठता म्हणाले, "विकून टाकीन, पण हिची ही गत होऊ देणार नाही."

जीप अब्बांची. नव्वदच्या दशकातली महिंद्रा एमएम 540, 91 इंचांचा व्हीलबेस, प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन. अब्बा गेल्यावर घरात त्यांच्या नावावर राहिलेली ही शेवटची मोठी वस्तू. पुतण्या चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. दर काही महिन्यांनी करार संपतो, पुन्हा होतो किंवा होत नाही. लिफ्टचे पैसे हप्त्यावर काढायचं त्याच्या डोक्यात होतं. दोघांच्या मध्ये मी, वर्गात उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. तरी विषय हाती आला म्हणून महिनाभर त्याचा अभ्यास केला. त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडतो. आपल्या पट्ट्यात जुनी फोर बाय फोर सांभाळणारी घरं अजून बरीच आहेत.

आधी एक गोष्ट. या जीपच्या बॉनेटवर 'एम अँड एम' असतं. त्यातला दुसरा एम आधी महिंद्राचा नव्हता. 1945 मध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. 1948 मध्ये नाव बदललं, आद्याक्षरं तीच राहिली. अब्बांना हा किस्सा फार प्रिय होता. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते तो बॉनेटवर हात ठेवून सांगत.

आता मुद्द्यावर. पुतण्याचा, आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांचा, एक समज आहे की लिफ्ट केली म्हणजे गाडी दगडावरून जाते. जात नाही. आमच्या जीपला पुढे-मागे अख्खी धुरा आहे आणि धुऱ्याच्या मध्ये डिफरन्शिअलचा गोळा. दगड सगळ्यात आधी त्या गोळ्याला लागतो. पाटे बदलून, शॅकल लांब करून तुम्ही चासी आणि बॉडी वर उचलता. गोळा होता तिथेच राहतो. तो उचलायचा एकच मार्ग, मोठा टायर. टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मा गोळा वर जातो. म्हणून क्रम असा हवा: आधी टायर ठरवा, मग त्याला रिम, मग त्या टायरला जागा होण्यापुरती लिफ्ट. दुकानात नेमका उलटा क्रम चालतो, कारण लिफ्ट रस्त्यावरून दिसते.

टायरवरचं लिखाण वाचायला मला खरोखर मजा आली. उर्दू उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून, हे गोल फिरत वाचायचं. 235/75 आर 15 म्हणजे टायरची रुंदी 235 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के, आणि रिम 15 इंचांची. एका मोकळ्या तासाला मी हे आठवीच्या मुलांना फळ्यावर दिलं. 235 चे 75 टक्के 176, वर-खाली दोन्हीकडचे 352, त्यात रिमचे 381. एकूण 733 मिलिमीटर. आमच्या जीपला मुळात लागणारा 6.00-16 हा जुना अरुंद टायर जवळपास याच उंचीचा असतो. म्हणजे 16 च्या रिमवरून 15 च्या रिमवर उतरूनही गाडी खाली बसत नाही. स्पीडोमीटर खरं बोलतो, गिअरचं गणित बिघडत नाही, आणि रुंदीमुळे चिखलात पकड वाढते. मुलांनी हे पाच मिनिटांत काढलं.

मग पुतण्याचा तेहतीसचा टायर काढला. 33 इंच म्हणजे 838 मिलिमीटर. गोळा पाच सेंटिमीटर वर जाईल, हे कबूल. पण प्रत्येक फेऱ्याला गाडी 14 टक्के जास्त पळेल. काट्यावर 60 दिसत असताना खरा वेग 68 असेल. इंजिनाला प्रत्येक गिअर जड होईल, म्हणजे ज्या चढावर आज जीप दुसऱ्या गिअरमध्ये चढते तिथे पहिला टाकावा लागेल. ड्रम ब्रेकना जास्त जड आणि जास्त मोठं चाक थांबवावं लागेल. 31 इंची टायर यांच्या मधला. त्याने गोळा पावणेतीन सेंटिमीटर उचलला जातो आणि वेगातला फरक सात टक्के राहतो. पुतण्याला मी सांगितलं, फार हौस असेल तर शेवटची हद्द ही. पण 31 चा टायर रुंद असतो, स्टेअरिंग पूर्ण कापलं की आतून पाट्याला घासू शकतो, आणि हे घासणं लिफ्टने जात नाही. त्याला बाहेर निघणारी रिम लागते किंवा स्टेअरिंगचा स्टॉपर. स्टॉपर लावला की गाडी वळायला मैदान मागते. रिम बाहेर काढली की चाकाच्या बेअरिंगवर भार येतो आणि आमच्या बिनपॉवरच्या स्टेअरिंगला दोन माणसं लागतील की काय असं वाटतं.

रिमबद्दल आणखी एक. जुन्या जिप्सीची आणि आपल्या जीपची पाच भोकं एकाच मापाच्या वर्तुळावर असतात, म्हणून भंगारातून रिम उचलायचा मोह होतो. भोकं जुळली म्हणजे रिम जुळली असं नाही. मधलं मोठं भोक हबवर बसतं का आणि ऑफसेट किती, हे बघूनच पैसे द्यावेत. पूर्वी असा माल शोधायला सगळे कुदळवाडीला जायचे. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथली भंगाराची दुकानं महापालिकेने पाडली. आता तो व्यवहार विखुरलाय आणि ओळखीच्या दुकानदाराचा भरवसाही गेलाय. जुना टायर घेत असाल तर भिंतीवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. काच्या खोल दिसतात म्हणून दहा वर्षांचं रबर घरी आणू नका.

लिफ्टचं बाकीचं गणित भाईजाननी सांगितलं, तेही ग्रीसच्या हाताने पुतण्याला जीपखाली झोपवून. बॉडी चार इंच वर गेली की प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो आणि त्याचे क्रॉस लवकर खातात. नुसत्या लांब शॅकलने उचललं तर धुरा फिरतो, पुढच्या चाकांचा कोन बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते. ब्रेकचे होज ताणले जातात. आखूड, अरुंद गाडीचा भार वर सरकतो, आणि कंटेनर चुकवायला ऐन वेळी स्टेअरिंग ओढलं की ती कोणत्या बाजूला आडवी होईल ते सांगता येत नाही. अशा गाड्या त्यांनी दुरुस्तीला येताना पाहिल्यात. महिन्याला दोन-तीन पोरं लिफ्ट करून घ्यायला येतात, भाईजान दोन इंचांच्या वर नाही म्हणतात आणि ती पुढच्या गॅरेजला जातात. हे काम त्यांनी केलं असतं तर गॅरेजचं भाडं आरामात निघालं असतं. वहिनी हे त्यांना अधूनमधून ऐकवतात.

कायदाही मोकळा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतला तपशील आणि कंपनीने ठरवलेलं रूप यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. नंतरच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी पासिंगला उभी करावीच लागते. माझ्या 235 च्या टायरलासुद्धा आपोआप माफी आहे असं समजू नका, आधी आरटीओत विचारून घ्या.

हौसेला मी इसराफ म्हणणार नाही. कारखान्यात आठ तास एकच बोल्ट आवळणाऱ्या पोराला स्वतःची म्हणावी अशी एखादी गोष्ट हवी असते, आणि ती अब्बांची जीप असेल तर मला आनंदच आहे. माझा प्रश्न वेगळा होता. जीप चालते कुठे? बहुतेक वेळ नाशिक महामार्गावर आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर, कंटेनरच्या रांगेत. पावसाळ्यात भोरगिरीकडे, जिथे आमच्या ओळखीच्या घरांपर्यंतची शेवटची वाट चिखलाची आहे. दोन वर्षांमागे तिथून एका बाळंतिणीला रात्री याच जीपने खाली आणलं. आणि दर शुक्रवारी अम्मी तिच्यात बसून बहिणीकडे जातात.

तेव्हा मी पुतण्याला टेप आणायला सांगितला. चार इंच लिफ्टचे, दोन इंच टायरचे, एकूण अर्धा फूट. तेवढ्या उंचीच्या विटा रचून त्या आम्ही जीपच्या दारापुढे जमिनीत अर्धा फूट खड्डा आहे असं समजून मोजल्या आणि मग अम्मींना विचारलं की पायरी इतकी वर गेली तर चढाल का. अम्मींनी विटांकडे पाहिलं, मग नातवाकडे. "मला उचलून बसवशील का रे रोज?"

सध्या ठरलंय ते असं. 235/75 आर 15 चे टायर, चार नाही, पाच. आपल्या जीपला मधला डिफरन्शिअल नसतो. फोर व्हील लावल्यावर एक चाक जरी वेगळ्या व्यासाचं असलं तरी ट्रान्सफर केस ताणली जाते, म्हणून स्टेपनीही त्याच मापाची हवी. थकलेले पाटे नव्याने भरायचे. भाईजान म्हणतात तेवढ्यानेच गाडी दीड इंच वर येईल, कारण ती तेवढी बसलीच आहे. हप्ता काढायचा नाही. तीन टायर पुतण्याचे, दोन माझे. तेहतीसचा फोटो अजून त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे, मी काही बोललो नाही.