बॅटरीतील धातू कोणाच्या पदरात?

निकामी बॅटऱ्या व इलेक्ट्रॉनिक भंगारातून दुर्मीळ धातू परत मिळवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. धातू वाया जाऊ नयेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण ते कोणाच्या श्रमाने बाहेर निघणार आणि कोणत्या उद्योगाच्या कामी येणार, हा खरा प्रश्न आहे.

मोबाइलच्या बॅटरीत धन बाजूला जे लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड असते, त्याच्या वजनात सुमारे ६० टक्के कोबाल्टच असतो. आपल्या देशात कोबाल्टच्या खाणी चालत नाहीत. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक एकट्या काँगोतून येतो, आणि तेथे तो उपसणाऱ्या हातांत लहान मुलांचेही हात असतात. असा धातू आपण परकीय चलन मोजून आणतो व वापरून झाला की उकिरड्यावर टाकतो.

हे धातू पुन्हा बॅटरीतच गेले पाहिजेत असे नाही. डिझेलमधील गंधक काढण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांत कोबाल्ट व मॉलिब्डेनम यांचा उत्प्रेरक लागतो. १ एप्रिल २०२० पासून गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आल्याने त्याचे महत्त्व अधिकच वाढले. नैसर्गिक वायूपासून अमोनियासाठी हायड्रोजन मिळवताना निकेलचा उत्प्रेरक लागतो. म्हणजे शेतकऱ्याच्या युरियाचे पोतेही शेवटी या मूठभर धातूवर अवलंबून आहे. बॅटरीची पूड आम्लात विरघळवून धातू वेगळे करण्याची रीत आपल्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. कसोटी आहे ती शुद्धतेची, कारण गंधकाचा अल्प अंशही निकेलच्या उत्प्रेरकाला निकामी करतो.

हे आपल्याला झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांनी सिंद्रीचा इतिहास पाहावा. खत महामंडळाच्या नियोजन व विकास विभागाने तेथे अमोनिया कारखान्यांचे उत्प्रेरक स्वबळावर तयार केले आणि १९७८ मध्ये त्या विभागाची स्वतंत्र सार्वजनिक कंपनी झाली. परंतु २००२ साली सरकारने सिंद्रीचा खत कारखानाच बंद केला. पुढे त्याच गावी नवा कारखाना उभारून २०२२ मध्ये उत्पादन सुरू करावे लागले! मधल्या २० वर्षांत पांगलेले कुशल कामगार व तंत्रज्ञ मात्र परत आले नाहीत.

आता श्रमाचा प्रश्न. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आणि प्रमाणपत्रांचा व्यवहार सुरू केला. प्रत्यक्षात बॅटऱ्या फोडण्याचे बरेचसे काम दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांतून, हातोडी-छिन्नीने, हातमोज्यांवाचून चालते. लिथियम बॅटरीतील क्षार ओलाव्याशी संयोग पावला की हायड्रोजन फ्लोराइड हा जीवघेणा वायू सुटतो. शिशाच्या बॅटऱ्या वितळवणाऱ्यांच्या रक्तात शिसे भिनते. अशा वेळी २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने कारखाना म्हणवण्यासाठी, विजेवर चालणाऱ्या ठिकाणी, कामगारसंख्येची अट १० वरून २० वर नेली. बॅटरी फोडणारे छोटे गाळे त्या व्याख्येबाहेर राहतात.

सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आपला माल कोणत्या गाळ्यातून आला हे जाहीर करावे, तेथील कामगारांची रक्ततपासणी कारखान्याच्या खर्चाने व्हावी, आणि मिळालेल्या कोबाल्ट-निकेलवर सार्वजनिक क्षेत्रातील तेल व खत कारखान्यांचा पहिला हक्क असावा. कामगार संघटनांनी या मागण्या भंगारवस्त्यांपर्यंत नेल्या पाहिजेत; तेथे आजवर संघटनेचा फलक क्वचितच लागला आहे.