आपल्या तालमीचा फुटबॉल

सभासद बंधूंनो, ऊस सोडून आज आम्ही फुटबॉलवर लिहितो आहोत, हसू नका.

कोल्हापुरात फुटबॉलचे कितीतरी संघ तालमींच्या नावाने चालतात. मंगळवार पेठेत पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेत खंडोबा तालीम. शाहू महाराजांच्या काळी कुस्तीने गाजलेल्या त्या गावाने पुढे फुटबॉलही तसाच उराशी धरला. शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धी पेठ रिकामी! संघ लहानच. पण गोल चुकवणारा पोरगा आपल्याच गल्लीतला असतो, संध्याकाळी चहाच्या गाडीवर त्याला दोन शब्द सुनावता येतात. टीव्हीवरच्या विलायती क्लबाला काय सुनावणार? झाडीपट्टीत शंकरपट झाला की रात्री आपण नाटकाला जागतो, त्यातलीच ही ओढ.

हीच ओढ कधीकधी हाणामारीवर जाते, ते मात्र आम्हांस मुळीच पटत नाही.

२०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. वैनगंगेकाठच्या आपल्या पोरांच्या पायांतही दम आहे. धान निघाल्यावर गावच्या मंडळांनी रिकाम्या बांधीत चार बांबू रोवावे, आणि म्हाताऱ्यांनीही बघायला यावे, ओरडायला यावे.