विश्लेषण : सर्व्हरचा स्वयंचलित पहारेकरी कसा काम करतो? तोच चुकला तर काय?

२० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाऊड सेवेत (एडब्ल्यूएस) बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइटसह जगभरातील अनेक सेवा काही तास कोलमडल्या. सायबर हल्ला झाला नव्हता, केबलही तुटली नव्हती. यंत्रणा आपोआप सुरळीत ठेवण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येच दोष होता. सर्व्हरवर लक्ष ठेवणे, धोक्याचा इशारा देणे आणि माणूस पोहोचण्याआधी दुरुस्ती सुरू करणे ही कामे आज बहुतेक ठिकाणी प्रोग्रामवर सोपवलेली असतात. ती कशी चालतात आणि नेमकी कुठे फसतात, याविषयी…

कमांड लाइनवरून देखरेख म्हणजे काय?

डेटा सेंटरमधील बहुतेक सर्व्हरना स्वतःचा स्क्रीन किंवा माऊस नसतो. अभियंता दुरून जोडला जातो आणि आज्ञा टाइप करतो. लिनक्सवर ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क किती भरली ते सांगते, ‘फ्री’ मेमरी दाखवते, तर ‘टॉप’ कोणता प्रोग्राम किती ताकद खातो आहे ते दाखवते. अशा आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहिल्या की झाली स्क्रिप्ट. ‘क्रॉन’ नावाची जुनी सोय ती स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी किंवा रोज रात्री दोन वाजता न चुकता चालवते.

आज्ञा संपली की मागे एक आकडा सोडते. शून्य म्हणजे काम नीट झाले, दुसरा कोणताही आकडा म्हणजे काहीतरी बिनसले. १९९९ पासून वापरात असलेल्या ‘नागिओस’ या देखरेख प्रणालीने याच आकड्यांची भाषा रूढ केली : ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे ‘माहीत नाही’. यातला शेवटचा आकडा महत्त्वाचा. सर्व्हरची स्थिती कळत नाही, याचा अर्थ तो सुस्थितीत आहे असा होत नाही.

इशारा कधी द्यायचा?

डिस्क ९० टक्के भरली की इशारा द्या, असा नियम लिहिणे सोपे असते. पण प्रोसेसरवरचा भार क्षणभर ९५ टक्क्यांवर गेला तर त्यात काळजीचे काही नसते, कारण महिनाअखेरीची बिले निघताना तसे होणारच. म्हणून ‘प्रोमिथिअस’सारख्या आधुनिक प्रणालीत ‘ही स्थिती सलग इतकी मिनिटे टिकली तरच’ अशी अट घालता येते.

ही अट नसेल तर इशाऱ्यांचा पाऊस पडतो आणि माणसे ते वाचायचे सोडून देतात. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीचे उदाहरण बोलके आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते आणि त्यात दोषाचा उल्लेख होता. पण हे ई-मेल तातडीचा इशारा म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांवर कोणी कृती केली नाही. बाजार उघडल्यावर ४५ मिनिटांत चुकीच्या ऑर्डरींचा पूर आला आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला.

इशारा पोहोचलाच नाही तर?

गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी हेच घडले. दमलेल्या अभियंत्याने डेटा पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग रोजच्या बॅकअपचा शोध सुरू झाला, तर ती जागा रिकामी. बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचे असल्याने ते रोज अपयशी ठरत होते. अपयशाचे ई-मेलही निघत होते, पण त्यांची ओळख पटत नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून बाकीचा डेटा वाचला. मधल्या सहा तासांचे काम मात्र कायमचे गेले.

यावरचा उपाय म्हणजे नियम उलटा लिहिणे. बिघाड झाला तर कळवा, असे न सांगता काम यशस्वी झाल्याची खूण रोज पाठवा, असे सांगायचे. ठरल्या वेळेत खूण आली नाही, तर दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रणेने आरडाओरडा करायचा. अशा व्यवस्थेत शांतता हाच इशारा ठरतो.

आपोआप दुरुस्ती कशी होते?

साधा उपाय म्हणजे बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणे. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर ‘सिस्टिमडी’ ही प्रणाली असते. ‘अपयश आल्यास पुन्हा सुरू कर’ अशी एक ओळ लिहिली की ती रात्री-अपरात्री हे काम करते. मात्र तिला मर्यादाही आहे. मूळ मांडणीनुसार दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करूनही प्रोग्राम टिकला नाही, तर ती प्रयत्न थांबवते. कुठे थांबायचे हे ठाऊक नसलेली दुरुस्ती बिघाडापेक्षा महाग पडू शकते.

दुरुस्तीनेच घोळ वाढवला तर?

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले. कंपनीच्या अंतर्गत जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली होती. तिने डेटा सेंटरना जोडणारे दुवेच तोडले. अशी घातक आज्ञा अडवण्यासाठी तपासणी प्रोग्राम होता, पण त्यातच दोष होता. पुढचा घाव स्वयंचलित प्रतिसादाने घातला. डेटा सेंटरशी संपर्क तुटला, तर ‘आपलीच जोडणी बिघडली असावी’ असे मानून इंटरनेटवरून स्वतःचा पत्ता मागे घ्यायचा, असे फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरना शिकवलेले होते. एक सर्व्हर आजारी असेल तर हा नियम शहाणपणाचा. त्या रात्री सगळ्यांनीच एकदम पत्ता मागे घेतला. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. सेवा परतायला सुमारे सहा तास लागले.

एडब्ल्यूएसमध्ये दोन प्रती एकमेकींच्या आड आल्या. सर्व्हरचे पत्ते अद्ययावत करणाऱ्या प्रोग्रामची एक प्रत रेंगाळली आणि तिने नव्या यादीवर जुनी यादी चढवली. त्याच वेळी दुसऱ्या प्रतीने जुन्या याद्यांची साफसफाई केली आणि तीच यादी पुसली. पत्ता रिकामा झाला. तो यंत्रणेला स्वतःहून भरता आला नाही, शेवटी माणसांना हात घालावा लागला. त्यानंतर कंपनीने हे ऑटोमेशन जगभर तात्पुरते बंद ठेवले.

भारतात याचा संबंध कुठे येतो?

थेट आपल्या यूपीआयशी. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय काही तास अडखळले, तेव्हा ‘व्यवहाराचे काय झाले’ अशी बँकांच्या यंत्रणांकडून पुन्हा पुन्हा येणारी विचारणा हे एक प्रमुख कारण असल्याचे एनपीसीआयच्या पाहणीत समोर आले. उत्तर मिळाले नाही की पुन्हा विचारायचे, हा प्रत्येक बँकेच्या दृष्टीने साधा स्वयंचलित प्रतिसाद. पण सगळ्यांनी एकदम विचारले की दमलेली यंत्रणा आणखी दमते. त्यानंतर अशा विनंत्यांवर मर्यादा आल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून ग्राहकालाही एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक तपासता येते.

मग उपाय काय?

ऑटोमेशन सोडून देणे हा पर्याय नाही. शेकडो सर्व्हरवर डोळ्यांनी पहारा देणे अशक्य आहे. मात्र काही पथ्ये या घटनांतूनच स्पष्ट होतात. स्क्रिप्टने आधी ‘मी काय करणार आहे’ हे दाखवावे, मग करावे. एका वेळी किती सर्व्हरना हात लावता येईल याला मर्यादा असावी. पुन्हा प्रयत्न करताना दर वेळी थांबण्याचा अवधी वाढवावा. इशारा देणारी यंत्रणा ज्याच्यावर पहारा आहे त्याच सर्व्हरवर नसावी. ऑटोमेशन थांबवण्याचे बटण माणसाच्या हाताशी असावे आणि ते चालते का, याची अधूनमधून तालीम व्हावी.

ही पथ्ये मोठ्या कंपन्यांपुरती नाहीत. तालुक्याच्या सहकारी बँकेत किंवा छोट्या रुग्णालयात एकच सर्व्हर असतो आणि बॅकअप ‘रोज होतो’ असे सगळे गृहीत धरतात. तो शेवटचा कधी परत भरून पाहिला, हा प्रश्न तिथे आजच विचारता येईल. आणि फोनवर व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवण्याऐवजी थोडे थांबावे. तुमचे पैसेही सुरक्षित राहतात आणि अडखळलेल्या यंत्रणेवर आणखी भारही पडत नाही.