विटाळ कुणाचा, घाण कुणाची?

‘प्रदूषण’ हा शब्द आपल्याला शाळेच्या पुस्तकानं शिकवला. त्याच्या आधीचा शब्द आपल्या बापजाद्यांना अंगावरच्या वळांनी शिकवला : विटाळ.

आमचं पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव घ्या, नाहीतर नगर जिल्ह्यातलं कुठलंही जुनं गाव घ्या. महारवाडा म्हणायचे तो कुठल्या अंगाला? ओढ्याच्या खालच्या. वरचं गाव धुणार, खालचे आम्ही पिणार. मेलेलं ढोर ओढायचं आम्ही. आणि वर विटाळ आमचाच!

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. तिथं जनावरं पाणी पीत, ते चालत होतं. आमची ओंजळ लागताच सनातन्यांनी एकशेआठ घागरींचा घाट घालून, शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. त्याच १९२७ साली मुंबईत देवनारचं डंपिंग सुरू झालं. ओंजळीचा विटाळ लगोलग निघाला. देवनारचा डोंगर शंभर वर्षं होत आली तरी निघत नाही. कोणी शहाणा म्हणेल, महाडचे भटजी वेगळे, मुंबईची म्युनिसिपालटी वेगळी. असेल. ज्याच्या दारात घाण टाकली तो माणूस तर एकच आहे ना?

१९७२ च्या दुष्काळात तिसगावाकडची माणसं रोजगार हमीवर खडी फोडून थकली आणि कल्याणचा रस्ता धरून मुंबईला आली. माझा बाप त्यातलाच. गावात पाणी नाही म्हणून निघाला, आणि टेकायला जागा मिळाली ती गोवंडीत, डंपिंगच्या वाऱ्याखाली. आई कचरा वेचायची. काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं करून भंगारवाल्याला द्यायची. या शहराचा कचरा खराखुरा कमी केला तो असल्या बायांनी. पण हारतुरे कुणाला? पाच जूनला रोप लावून फोटो काढणाऱ्या साहेबाला. पुढच्या पाच जूनला त्याच खड्ड्यात नवं रोप!

त्या ढिगात होतं काय? खाली दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो, मिथेन धरतो, मिथेन पेट घेतो. बुडातून काळं पाणी झिरपतं, खाडीला लागतं. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं, धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला, शाळा बंद ठेवल्या, पेपरांनी मथळे दिले. च्यायला, आमच्या छातीत तो धूर कधीचा होता! तिथं बघायला कुठला उपग्रह फिरकत नाही. धूर चेंबूरच्या पुढं सरकला तेव्हा त्याचं प्रदूषण झालं, तोवर तो नुसता गोवंडीचा खोकला होता.

गटाराचंही तेच. माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी उतरवतात, तरी मरतात. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये वारसांना दहा लाख ठरवले, २०२३ मध्ये तीस लाख केले. मरणाचा भाव वाढला, उतरणाऱ्याची जात तीच राहिली.

आणि आता नवा डाव बघा. २०२४ मध्ये सरकारनं या डंपिंगची सुमारे सव्वाशे एकर जागा धारावीच्या पुनर्विकासाला द्यायचं ठरवलं. कचरा हटवू, घरं बांधू म्हणतात. तिथं जाणार कोण? जे धारावीत ‘अपात्र’ ठरतील ते. ठीक आहे. आधी मलबार हिलचे मंत्र्यांचे बंगले तिथं हलवा. बायकापोरांसकट एक पावसाळा काढा, तिथलं पाणी प्या, तिथल्या वाऱ्यात झोपा. मग या आमच्याकडं, पात्र-अपात्राच्या याद्या घेऊन.