जागा भाड्याची, जोखीम कोणाची?

केंद्र सरकारने २०२२-२३च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा देण्याची घोषणा केली. जमीन, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क यांतील सवलतींबाबत राज्याराज्यांत चढाओढही सुरूच आहे. समुद्राखालील केबल मुंबई आणि चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून ही केंद्रे तेथे आधी वाढली. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे आलेल्या तारेने मुंबईला असेच महत्त्व दिले होते. आता विशाखापट्टणमची पाळी आहे. तेथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवण्याचे गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले.

या साऱ्या चर्चेत भाडेकरू मात्र कोठेच दिसत नाही. स्वतःची सर्व्हर-खोली न परवडणारी सहकारी बँक, रुग्णालय किंवा मध्यम उद्योग ‘कोलोकेशन’चा मार्ग धरतो. सर्व्हर स्वतःचे, रॅकची जागा, वीज, शीतकरण आणि पहारा दुसऱ्याचा. व्यवस्था काटकसरीची आहे आणि बहुतेकांना तीच योग्य ठरेल. घोटाळा होतो तो आकड्यांच्या वाचनात. ‘टियर-३’ केंद्र वर्षात सुमारे १.६ तास, तर ‘टियर-४’ सुमारे २६ मिनिटे बंद राहू शकते, असे बाजारात सांगितले जाते. हे वर्णन इमारतीच्या वीज व शीतकरण व्यवस्थेचे आहे. ग्राहकाच्या डेटाची दुसरी प्रत अन्यत्र आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. सेवा खंडित झाल्यास मिळणारी भरपाईही बहुधा पुढच्या बिलातील सवलतीपुरती असते.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे केंद्र जळाले, तेव्हा काही ग्राहकांच्या बॅकअप प्रतीही मूळ डेटासोबतच नष्ट झाल्या. (तेथे सर्व्हर कंपनीचेच होते, कोलोकेशनमध्ये ग्राहकावरील भार याहून अधिक.) दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन येथील सरकारी केंद्राला बॅटरीतून आग लागली आणि ७०९ शासकीय यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्याची दुसरी प्रतच नव्हती. डेटा देशातच होता, सरकारच्याच ताब्यात होता. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश दिला, तो योग्यच होता. परंतु त्याने डेटाचा पत्ता ठरला, सुरक्षितता नव्हे.

रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गाड्या चालवणाऱ्यानेच स्वतःचा न्याय करू नये, हा त्यामागचा विचार. पायाभूत सुविधा म्हणून लाभ घेणाऱ्या डेटा सेंटरसाठी असा तटस्थ चौकशी अधिकारी का नसावा? सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा ‘सर्ट-इन’चा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, पण त्यातून भाडेकरूच्या हाती अहवाल पडत नाही. आग, वीज किंवा शीतकरणातील बिघाडाने सेवा थांबल्यास कारणांचा अहवाल प्रसिद्ध व्हावा आणि दुसऱ्या प्रतीची जबाबदारी कोणाची, ती किती अंतरावर ठेवायची, हे करारात लिहिलेले असावे. याने गुंतवणूकदार बिचकतील असे म्हटले जाईल. ज्यांचे काम चोख आहे, त्यांना अशा अहवालाचा लाभच होईल.

कायद्याची वाट न पाहता राज्यांना ही अट सवलतीच्या करारातच घालता येईल. मात्र ती सहीपूर्वीच घालावी लागते. जमिनीचा ताबा दिल्यावर राज्याच्या हाती पत्रव्यवहाराखेरीज फारसे काही उरत नाही.