नदीकाठचे झाड कोणाचे?

मागील वर्षी सरकारी कामासाठी तंजावरला जाण्याचा योग आला. काम दोन दिवसांत आटोपले, तिसरा दिवस हाताशी होता, म्हणून ओरत्तनाडूस जाऊन आलो. पट्टुकोट्टैच्या रस्त्यावरील हे तालुक्याचे गाव महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने एकदा तरी पाहावे असे आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ येथे रामेश्वराच्या वाटसरूंसाठी अन्नछत्र उभारले. ती वास्तू आजही उभी आहे. परंतु मला लिहावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. गावाजवळच्या कालव्याच्या काठाला झाडे लावण्याचा एक लहानसा उपक्रम पाहण्यास मला नेण्यात आले होते. तेथे एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न अद्याप मनातून गेलेला नाही.

प्रथम थोडा भूगोल सांगितला पाहिजे. कावेरीचा जुना त्रिभुज प्रदेश तंजावरच्या उत्तरेस व पूर्वेस पसरला आहे. ओरत्तनाडू येते ते 'नव्या' प्रदेशात. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पुरे झाले, त्याच योजनेतून कल्लणैपासून सुमारे १४८ किलोमीटर लांबीचा कालवा काढण्यात आला आणि या कोरड्या भागात भात पिकू लागला. लोक या कालव्याला 'पुदु आरु', म्हणजे नवी नदी, म्हणतात. माणसाने खणलेल्या चराला दोन-तीन पिढ्यांत नदीचे नाव मिळावे, ही पाण्याची किमया. या कालव्याच्या नूतनीकरणाची पायाभरणी फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. खर्च सुमारे २,६४० कोटी रुपयांचा. तळाला काँक्रीट घातले तर जमिनीत पाणी मुरणार नाही, म्हणून शेतकऱ्यांनी त्यास विरोधही केला. काठावर झाडांच्या रांगा असाव्यात, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखे होते.

काठाची पट्टी सरकारी, आणि तिला लागून शेतकऱ्यांची पट्ट्याची जमीन. तमिळनाडूत पट्टा म्हणजे मालकीचा कागद. आपल्याकडील सातबाऱ्याचे स्थान तेथे त्याला आहे. उपक्रमात अर्जुन, करंज व जांभळाची रोपे सरकारी पट्टीत आणि तिच्या लगतच्या खासगी बांधांवरही लावावयाची होती. अर्जुनाला तमिळमध्ये मरुदु म्हणतात. प्राचीन तमिळ काव्यात नदीकाठच्या भातशेतीच्या प्रदेशाचे नावच 'मरुदम'. ते झाड नेमके अर्जुन की आपले ताम्हण, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. असो.

साठीच्या घरातले एक शेतकरी बांधावर उभे होते. माझ्यासोबत तंजावरचे एक मराठी गृहस्थ होते. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या तेथे आहे. दुभाषाचे काम त्यांनीच केले. शेतकरी म्हणाले, "ऐय्या, रोप मी जगवीन, पाणी मी घालीन. ते मोठे झाल्यावर माझे असेल की आपले?" सोबतच्या एका अधिकाऱ्याने तत्परतेने सांगितले, "आपलेच, ऐय्या." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग तसे लिहून द्या." लिहून देण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नव्हता.

शेतकरी अडाणी असतो, त्याला पर्यावरणाचे महत्त्व पटवावे लागते, असे गृहीत धरून आमच्या बहुतेक योजनांत 'जनजागृती' या सदराखाली तरतूद ठेवलेली असते. अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून मला या गृहस्थांचा हिशेब आमच्यापेक्षा सरस वाटला. भात सरकारी खरेदी केंद्रावर ठरलेल्या दराने विकले जाते. नारळाची पाडी ठरावीक दिवसांनी होते. १६ नोव्हेंबर २०१८ च्या 'गज' चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळाच्या बागा आडव्या केल्या, यांच्याही गेल्या. तरीही त्यांनी पुन्हा नारळच लावला, कारण नारळ कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. अर्जुनाची सावली भातावर पडते, आणि वीस वर्षांनी तो तोडू द्यायचा की नाही हे दुसरा कोणीतरी ठरविणार. अशा झाडाला बांधावर जागा न देणे हे अज्ञानाचे लक्षण कसे म्हणावे?

आणि ही भीती काल्पनिक नाही. आपल्या महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमाच्या अनुसूचीत साग, हिरडा, मोह, जांभूळ ही झाडे आहेत. स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगी हवी. १९७५ च्या खासगी वने संपादन अधिनियमाने खासगी जंगले सरकारजमा केली. त्याचा गुंता इतका चालला की जुन्या नोटिशींच्या आधारे मुंबईच्या उपनगरांतील जमिनींवर केलेला वनांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळला. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने तर शब्दकोशातील अर्थाने जे वन, ते मालकी कोणाचीही असो, वनच ठरले. जंगले वाचविण्यासाठी तो आदेश आवश्यक होता, असेच माझे मत आहे. पण त्यातून जमीनमालकाने घेतलेला धडा असा, की झाडी दाट होऊ देऊ नये. उलट उदाहरण बांबूचे. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ मध्ये कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून वगळला आणि निदान एवढे झाले की बांबू लावताना लोक घाबरेनासे झाले.

आता प्रश्न 'मालक' कोण, हा. कावेरीच्या खोऱ्यात देवळांच्या व मठांच्या जमिनी पुष्कळ, त्या कसणारी कुळे निराळी. करारावर सही एकाची, पाणी घालणारा दुसरा. हसू नका, आपल्याकडे याहून वाईट आहे. हे वाचणाऱ्यांपैकी किती जणांची नावे कोकणातल्या एखाद्या सामायिक सातबाऱ्यावर असतील? वहाळाच्या काठची चार गुंठे राई, बारा नावे, त्यांतली सात मुंबईत, दोन परदेशात, एक मयत आणि वारसनोंद बाकी. लाकडाचा व्यापारी येतो तेव्हा गावातला चुलतभाऊ एकटाच व्यवहार उरकतो, आणि संवर्धनाच्या कराराची वेळ आली की बाराही सह्या लागतात. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या परिसरात पुण्याच्या 'अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने खासगी जंगलांच्या मालकांशी संवर्धनाचे करार केले, आणि बेहड्याची फळे 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्रासह विकून उभ्या झाडाला किंमत मिळवून दिली. त्या कामातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की संस्था गावात वर्षानुवर्षे राहिली. धनेशाला ढोलीचे झाड लागते, आणि तसे झाड होण्यास एका प्रकल्पाचा कालावधी पुरत नाही.

येथेच आमचे पैशाचे गणित चुकते. मार्च २०२२ मध्ये केंद्राने १३ नद्यांच्या काठी वनीकरणाचे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत कावेरी, कृष्णा, गोदावरी आहेत, आणि अंदाजे खर्च १९ हजार ३०० कोटींच्या वर. मध्य प्रदेशात २ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात साडेसहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे सांगण्यात आले. लावण्याचे आकडे आपणांस नेहमीच मिळतात. देखभालीचा निधी मात्र बहुधा तीन वर्षांत संपतो. खासगी भागीदार आणावे, तर कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांत २०२१ पासून 'चालू प्रकल्प' म्हणजे सुरुवातीचे वर्ष वगळून जास्तीत जास्त तीन वर्षे. अर्जुनाने हे नियम वाचलेले नाहीत. नोकरीच्या उमेदीच्या काळात मीही एका नदीकाठच्या वृक्षारोपणाला पहिल्या वर्षाअखेर 'जिवंत रोपे समाधानकारक' असा शेरा दिला होता. सहा वर्षांनी त्याच वाटेने गेलो तेव्हा तेथे वेडी बाभूळ होती आणि आमचा फलक होता.

अमेरिकेत शेतकऱ्याने नदीकाठची पट्टी झाडांसाठी सोडली तर १० ते १५ वर्षांच्या करारावर त्याला दरसाल भाडे मिळते, शिवाय लागवडीच्या खर्चात वाटा. तेथील वन खात्याच्या १९९१ च्या मार्गदर्शिकेत पट्ट्याचे भाग पाडले आहेत : पाण्यालगतची झाडे तोडायची नाहीत, त्यामागच्या भागात मालकाने नियमाने तोड करावी, आणि शेताच्या कडेला गवत. आपल्याकडे असे भाडे परवडणार नाही, असे मला नेहमी सांगण्यात येते. कदाचित नसेल. पण दुसऱ्या भागावरील तोडीचा हक्क लावणीच्या दिवशीच लिहून देण्यास तिजोरीतून काय जाते? त्यात धोका आहे हे मान्य. हक्क दिला की सर्वजण साग किंवा निलगिरी लावतील आणि नदीकाठ लाकडाचा मळा होईल, हा आक्षेप खरा आहे. २०१९ मध्ये ईशा फाउंडेशनच्या कावेरी मोहिमेवरही शेतातील लाकूड-लागवड म्हणजे नदीचे जंगल नव्हे, अशीच टीका झाली होती. म्हणून तर पहिल्या भागात कोणती झाडे असावीत हे करारात हवे, आणि ती न तोडल्याबद्दल दरसाल काहीतरी रक्कम हवी.

ही रक्कम आणावी कोठून, याचा विचार करीत संध्याकाळी मी छत्रापाशी आलो. सरफोजी राजांनी इमारत बांधून फीत कापली नाही. छत्रांना जमिनी लावून दिल्या होत्या आणि त्यांच्या उत्पन्नावर रोजचे अन्न शिजत होते. हे उत्पन्न किती जपले जाई, हे १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला छत्रांत हस्तक्षेप करू नये म्हणून लिहिलेल्या त्यांच्या पत्रावरून कळते. राज्य १८५५ मध्ये संपले, छत्रांचा कारभार पुढे सरकारकडे आला. इमारतीचा खर्च एकदा होतो, पण भूक रोज लागते, एवढे त्या कारभाराला ठाऊक होते. नदीकाठच्या झाडांसाठी असाच एक मूळ निधी ठेवावा, त्याच्या व्याजातून शेतकऱ्यास दरवर्षी उभ्या झाडांमागे पैसे मिळावेत, कराराचा कागद एका पानाचा व तमिळमध्ये असावा, आणि त्यावर कसणाऱ्याचीही सही असावी, असे टिपण मी परत आल्यावर लिहून वर पाठविले.

निघण्यापूर्वी बांध पुन्हा एकदा पाहिला होता. त्या गृहस्थांनी मिळालेली सर्व रोपे नीट लावली होती, काटेरी कुंपणही घातले होते. पण सगळी सरकारी पट्टीत. स्वतःच्या बाजूला नारळ होता.

माझे टिपण चार महिन्यांनी परत आले. समासात एकच शंका होती : विसाव्या वर्षीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावा?